पुस्तक केव्हा उघडावे, केव्हा मिटावे?

(शालेय विद्यार्थी व पालक यांच्यासाठी अभ्यासपाठ. घरी एकत्र बसून वाचावा. पाठाआधी वाचन : लूक २:४१-५२)

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी नववीत शिकते. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती माझ्याकडे होती, म्हणून ओळख जुनी.

"सर, हिला तुम्हीच सांगा," आई म्हणाली. "सारखी पुस्तकात डोकं खुपसून बसते. जेवताना पुस्तक, झोपताना पुस्तक. गायनवृंदाच्या सरावाला जाणं बंद केलं. घटक चाचणीत गणिताचे गुण किती आले, ते तिलाच विचारा. आता मी ठरवलंय, दहावी होईपर्यंत गोष्टीचं पुस्तक घरात नको."

मुलगी खाली मान घालून उभी होती. मग हळूच म्हणाली, "सर, पुस्तक वाचणं पाप आहे का?"

मी तेव्हा एवढेच म्हणालो, "पाप नाही गं बाळ. पण तुझी आई जे सांगते त्यातही खरं आहे. मला आठ दिवस दे." त्या आठ दिवसांत मी जे वाचले आणि मनाशी जुळवले, ते या पाठात मांडत आहे. हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत तो वेगवेगळ्या रूपाने येतो. काही घरांत मूल वाचतच नाही म्हणून काळजी असते, तर काही घरांत फार वाचते म्हणून. दोन्ही घरांना उत्तर एकाच ठिकाणी सापडते असे मला वाटते.

बारा वर्षांचा येशू

शुभवर्तमानात येशूच्या शालेय वयातील एकच प्रसंग आला आहे. सणासाठी यरुशलेमला गेलेला बारा वर्षांचा येशू मंदिरातच राहिला. मरिया आणि योसेफ तीन दिवस त्याला शोधत होते. सापडला तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता. मरियेने आपली चिंता त्याला मोकळेपणाने बोलून दाखवली. येशूनेही आपण पित्याच्या घरी असणे का आवश्यक आहे ते सांगितले. त्याचे बोलणे आईवडिलांना पूर्ण उमगले नाही असे लूक लिहितो. तरीही तो त्यांच्याबरोबर नाझरेथला परत गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि आईने सर्व गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या.

या प्रसंगाच्या शेवटी लूकने येशूच्या वाढीचे वर्णन एका वाक्यात केले आहे (लूक २:५२). त्यात चार गोष्टी आहेत : तो ज्ञानाने वाढला, शरीराने वाढला, देवाला प्रिय झाला आणि माणसांनाही प्रिय झाला.

विद्यार्थिमित्रांनो, समतोल म्हणजे काय हे समजण्यासाठी मला याहून सोपी मोजपट्टी ठाऊक नाही. अवांतर वाचनाने ज्ञान वाढते, मन विस्तारते. पण शरीर वाढते खेळण्याने, वेळेवर जेवण्याने आणि झोपेने. देवाशी नाते वाढते प्रार्थनेने, मिस्साने. माणसांशी नाते वाढते घरातल्या कामात हात लावल्याने, मित्रांत मिसळल्याने, आजीजवळ दहा मिनिटे बसल्याने. एक बाजू वाढली आणि बाकीच्या तीन सुकल्या, तर ती निकोप वाढ नव्हे. आता उलट बाजूने पाहा. क्लास, खेळ आणि मोबाइल यांत दिवस भरून गेला आणि वर्षभरात एकही पुस्तक हाती आले नाही, तर तीही अपुरी वाढच.

तेच पुस्तक, दोन वाचक

आविलाची संत तेरेजा हिचा जन्म १५१५ साली स्पेनमध्ये झाला. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी तिला चर्चची आचार्या म्हणून घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. पण ही थोर संत तुमच्या वयाची असताना तिची तक्रार अगदी तुमच्यासारखीच होती! तिने आपल्या आत्मचरित्राच्या दुसऱ्या प्रकरणात ती स्वतःच प्रांजळपणे सांगितली आहे.

त्या काळी स्पेनमध्ये शूर शिलेदारांच्या पराक्रमाच्या आणि प्रेमाच्या अद्भुत कादंबऱ्या लोकप्रिय होत्या. तेरेजाच्या आईला त्या फार आवडत. वडिलांना मात्र त्या पसंत नव्हत्या, म्हणून आई आणि मुले त्यांच्या नजरेआड वाचत. पुढे तेरेजाला त्या वाचनाची चटक लागली. दिवसाचे आणि रात्रीचे कितीतरी तास ती वडिलांपासून लपून त्यात घालवू लागली. नवे पुस्तक हाती नसले की तिला चैन पडेनासे झाले. त्याच काळात आपले चांगल्या गोष्टींकडचे मन थंडावले असे ती लिहिते.

या कबुलीत एक बारकावा आहे, तो सुटू देऊ नका. आपल्या आईला या वाचनाने तेवढे नुकसान झाले नाही, कारण तिने त्यापायी आपले काम कधी टाकले नाही, असेही तेरेजा सांगते. आईला आजारपण आणि कष्ट पुष्कळ होते. मनाला विरंगुळा म्हणून आणि मुले वावग्या गोष्टींकडे वळू नयेत म्हणून ती वाचत असावी, असे तिला वाटते.

घर तेच, पुस्तके तीच. आईसाठी तो विरंगुळा राहिला आणि मुलीसाठी ओढ बनली. म्हणजे फरक पुस्तकात कमी आणि वाचण्याच्या रीतीत जास्त होता. यातून स्वतःला विचारायचे पहिले दोन प्रश्न मिळतात :

पहिला प्रश्न : माझे वाचन लपून चालले आहे का? पांघरुणात टॉर्च लावून, वर्गात बाकाखाली धरून, 'अभ्यास करतोय' असे सांगून आपण वाचत असू, तर पुस्तक कितीही चांगले असले तरी त्याची जागा चुकली आहे.

दुसरा प्रश्न : या वाचनाचा वेळ मी कोणाकडून घेतला? स्वतःच्या मोकळ्या वेळातून घेतला असेल तर तो तुमचाच आहे. झोपेतून, गृहपाठातून, आईच्या मदतीतून, प्रार्थनेतून घेतला असेल तर तो उसना आहे, आणि उसने कधीतरी फेडावे लागते.

तेरेजाची गोष्ट इथे संपत नाही. पुढे तिचे काका तिच्या हाती चांगली पुस्तके देऊ लागले. संत जेरोमची पत्रे वाचून तिला आपण संन्यासिनी होणार हे वडिलांना सांगण्याचे धैर्य आले. संत ऑगस्टीनची 'कबुली' वाचताना तिचे हृदय पुन्हा हलले. ज्या सवयीने तिला भरकटवले, तीच सवय वळण लागल्यावर तिला देवाकडे घेऊन गेली. तिच्या हातातून पुस्तके कायमची काढून घेतली असती, तर हे कसे घडले असते?

पुस्तक मिटल्यावर काय उरते?

तिसरा प्रश्न संत इग्नेशियस लोयोला यांच्याकडून घेऊ. मे १५२१ मध्ये पाम्प्लोना येथील लढाईत तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला. वय सुमारे तीस. लोयोलाच्या घरी ते कित्येक महिने अंथरुणावर पडून होते. वेळ जाईना म्हणून त्यांनीही त्याच शिलेदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. पण घरात तसे एकही पुस्तक नव्हते. होती ती दोन : एक ख्रिस्ताचे चरित्र आणि दुसरे संतांची चरित्रे. नाइलाजाने त्यांनी तीच वाचायला घेतली.

वाचता वाचता पुस्तक बाजूला ठेवून ते विचारात गढून जात. कधी एखाद्या थोर स्त्रीसाठी आपण कोणते पराक्रम करू याची स्वप्ने रंगवत, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी केले तसे आपणही केले तर, असा विचार करत. दोन्ही विचार चालू असताना गोड वाटत. पण हळूहळू त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या प्रकारची स्वप्ने सरली की मन कोरडे आणि असमाधानी राही. दुसरे विचार सरले तरी मन प्रसन्न राही. या एका निरीक्षणातून पुढे त्यांची विवेकाची सगळी शिकवण उभी राहिली. १५४० साली पोपमहोदयांनी मान्यता दिलेल्या येशूसंघाची मुळेही त्या आजारपणातील वाचनात आहेत.

तेव्हा तिसरा प्रश्न असा : पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात काय उरते? काही पुस्तके वाचून उठलो की माणसे जास्त कळतात, घरच्यांशी बोलावेसे वाटते, कामाला हुरूप येतो. काही वाचून उठलो की चिडचिड होते, आपले घर, आपले मित्र नकोसे वाटतात. यासाठी पुस्तक धार्मिकच असले पाहिजे असे नाही. चांगली साहसकथा, विनोदी पुस्तक, विज्ञानकथाही मनाला ताजे करते. चव तोंडात असताना सगळेच गोड लागते. जेवण पचले की नाही, ते नंतर कळते.

आठवड्याचे १६८ तास

"वेळच मिळत नाही," असे सगळेच म्हणतात. म्हणून जरा हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. नववी-दहावीच्या मुलाचा साधारण आठवडा असा :

झोप, रोज ८ तास : ५६
शाळा व जाणे-येणे, ६ दिवस रोज ७ तास : ४२
क्लास, ६ दिवस रोज २ तास : १२
घरचा अभ्यास, रोज २ तास : १४
आंघोळ, जेवण, तयारी, रोज २ तास : १४
घरकामात मदत व कुटुंबाची प्रार्थना, रोज १ तास : ७
रविवारची मिस्सा व धर्मशिक्षण : ३

एकूण १४८. म्हणजे २० तास उरतात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी असे डॉक्टर सांगतात, म्हणून झोपेच्या ५६ तासांना हात लावू नका. हे २० तास तुमचे. त्यांची वाटणी तुम्ही करायची आहे. उदाहरणार्थ : खेळ ७ तास, वाचन ५ तास, मोबाइल व टीव्ही ४ तास, गायनवृंद किंवा वेदीसेवकांचा सराव २ तास, आणि २ तास काहीही न ठरवता मोकळे.

पाच तास थोडे वाटतात? तासाला २५ पाने धरली तर आठवड्याला १२५ पाने होतात. अडीचशे पानांचे पुस्तक दोन आठवड्यांत संपते. परीक्षांचे तीन महिने बाजूला ठेवले तरी वर्षात जवळजवळ वीस पुस्तके होतात. रात्र जागून एका दमात पुस्तक संपवणाऱ्यापेक्षा रोज पाऊण तास वाचणारा वर्षाअखेरीस बहुधा पुढेच असतो.

आज मोबाइलवरही गोष्टी वाचता येतात. पण तिथे शेवटचे पान येत नाही. एक संपली की दुसरी समोर उभी राहते, मध्येच कोणाचा तरी निरोप येतो. म्हणून शक्य तोवर कागदाचे पुस्तक घ्या. आवडत्या गोष्टीलाही आपणच कुंपण घालता येते, हे एका मुलाने दाखवून दिले आहे. २००६ साली पंधराव्या वर्षी देवाघरी गेलेल्या कार्लो अकुतीस याला व्हिडिओ गेम आवडत. पण तो आठवड्याला एकच तास खेळे, असे त्याच्या आईने सांगितले आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले.

पालकांसाठी दोन शब्द

पालकांनो, इथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलाच्या वडिलांनी मला हाच प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, "अभ्यासाची सोडून बाकी सगळी पुस्तके कपाटात ठेवा आणि कुलूप लावा." त्यांनी तसे केले. मुलगा चांगल्या गुणांनी पास झाला. निकालानंतर कपाट उघडले, पण मुलाने पुस्तकाला हात लावला नाही. आज तो चांगल्या नोकरीत आहे. अलीकडे भेटला तेव्हा सहज म्हणाला, "सर, नंतर वाचायला कधी जमलंच नाही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण मला ते लागले. पीक वाचवण्यासाठी पाणी बंद करावे, तसे मी केले होते.

पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनाच्या महत्त्वाविषयी एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी आपली आठवण सांगितली आहे. १९६४-६५ साली ते अर्जेंटिनातील सांता फे येथे येशूसंघाच्या शाळेत वरच्या वर्गांना साहित्य शिकवत होते. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे जुने वीरकाव्य होते. मुले कुरकुरत. त्यांना गार्सिया लोर्काचे साहित्य हवे असे. तेव्हा तरुण शिक्षकाने तोड काढली : 'एल सिद' घरी वाचायचे आणि वर्गात तुमच्या आवडीच्या लेखकांवर बोलायचे. नेमलेला अभ्यास सुटला नाही आणि आवडही मेली नाही.

आपल्या मराठीतही असे उदाहरण आहे. गोव्यातील साष्टीमध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापुढे नवख्रिस्ती लोकांनी गाऱ्हाणे मांडले, की आमची जुनी पुराणे सुटली, आता फावल्या वेळी आम्ही वाचावे तरी काय? फादरांनी त्यांना रागे भरले नाही. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. वाचनाची भूक लागलेल्याला उपदेश देण्याऐवजी त्यांनी पानात वाढले.

म्हणून पालकांना माझी विनंती :

१. पूर्ण बंदी घालू नका, वेळ ठरवून द्या. दहावीच्या वर्षी पाच तासांचे अडीच करा, पण शून्य करू नका. झोपण्यापूर्वीची वीस मिनिटे वाचनाला पुरतात.

२. पुस्तकाची जागा सर्वांसमोर ठेवा. दिवाणखान्यात एक फळी करा. मूल काय वाचते ते सहज दिसू द्या. झडती घ्यावी लागली नाही तर लपवावेही लागत नाही.

३. गोष्ट विचारा. "किती पाने झाली?" यापेक्षा "पुढे काय झालं?" हा प्रश्न विचारा. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये रथात बसून यशया वाचणाऱ्या अधिकाऱ्याला फिलिप भेटतो. तो त्याच्या हातातून ग्रंथ घेत नाही. वाचलेले समजते का, असे विचारतो आणि रथात त्याच्याशेजारी जाऊन बसतो. मुलांनाही शेजारी बसणारा कोणीतरी हवा असतो.

४. मूल अचानक खूपच वाचू लागले, सगळ्यांना टाळू लागले, तर आधी कारण शोधा. शाळेत कोणी त्रास देत असेल, एखादा विषय समजत नसेल. पुस्तक हे कधी कधी लपण्याची जागा असते. जागा बंद करण्याआधी भीती कशाची आहे ते विचारा.

पुढच्या रविवारी

आठ दिवसांनी मायलेकी पुन्हा भेटल्या. दरम्यान मी फोन करून मुलीला आठवडाभर वेळेची नोंद ठेवायला सांगितले होते. तिने वहीचा कागद पुढे केला. त्यात वाचनाचे १९ तास होते आणि झोप रोजची साडेपाच-सहा तास. "मला वाटलं नव्हतं एवढं असेल," ती म्हणाली. मग थोडे थांबून तिने आणखी एक सांगितले. बीजगणितातला एक भाग तिला दिवाळीपासून समजलेला नव्हता. वही उघडली की भीती वाटे, म्हणून ती पुस्तक उघडे. आईला हे ठाऊक नव्हते.

तिथेच, चर्चच्या पायऱ्यांवर बसून दोघींनी ठरवले. रोज रात्री साडेनऊ ते सव्वादहा पुस्तक, मग दिवा बंद. शनिवारी गायनवृंदाचा सराव. गणितासाठी शेजारची कॉलेजात शिकणारी ताई आठवड्यातून दोनदा येईल. आणि संध्याकाळी भाकऱ्या करताना आईला गोष्ट सांगायची. ही शेवटची अट आईचीच होती. गणिताचे गुण वाढतील की नाही ते पुढच्या परीक्षेत कळेल. पण "पुस्तक वाचणं पाप आहे का?" हा प्रश्न त्या मुलीने पुन्हा विचारला नाही.

उपदेशक म्हणतो की प्रत्येक गोष्टीला तिचा समय असतो (उपदेशक ३:१). त्यात पुस्तक उघडण्याचा समय आला, तसाच मिटण्याचाही. दोन्ही आपल्याला साधले, तर वाचन हे देवाचे दान ठरेल.

घरी चर्चेसाठी

१. लूक २:५२ मधील चार दिशांपैकी माझी कोणती बाजू सध्या मागे पडली आहे?
२. माझे वाचन (किंवा खेळ, किंवा मोबाइल) लपून चालले आहे का? त्याचा वेळ मी कोणाकडून घेतो?
३. नुकतेच वाचलेले पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात काय उरले?
४. आईबाबांनी गेल्या महिन्यात कोणते पुस्तक वाचले? (हा प्रश्न मुलांनी विचारावा!)

या आठवड्याची कृती : घरातील प्रत्येकाने सात दिवस आपल्या मोकळ्या वेळेची नोंद ठेवावी आणि रविवारी जेवणानंतर ती एकमेकांना दाखवावी. कोणी कोणाला रागावू नये.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तूही बारा वर्षांचा होतास, ऐकत होतास, प्रश्न विचारत होतास. आमच्या मुलांना वाचनाची गोडी दे आणि वेळेवर थांबण्याचे बळही दे. आम्हा पालकांना तुझ्या आईसारखे विचारायला, ऐकायला आणि अंतःकरणात जपायला शिकव. आमची घरे ज्ञानाने, आरोग्याने, भक्तीने आणि प्रेमाने वाढू देत. आमेन.